लीक झालं तर लीक झालं असंच लिहा, ॲलर्जी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत एका वाचकाचं पत्र होतं, त्यांच्या आईच्या ऑपरेशननंतर सलाईन लावलेला हात सुजला, दोन दिवसांनी फोड आले, कातडी काळी पडली, आणि घरी जाताना सांगितलं गेलं की भुलीच्या औषधाची ॲलर्जी आहे, तर आता आईला पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर काय करायचं असा त्यांचा प्रश्न होता. पत्र वाचता वाचता माझा डावा हात मीच समोर धरून बघायला लागले, कारण त्या हाताच्या पाठीवर अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा डाग आहे, आणि माझ्याही डिस्चार्ज कार्डावर तेच लिहिलं होतं. "भुलीच्या औषधाची ॲलर्जी." एवढंच, कुठलं औषध ते पण नाही.

मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. पण एका कार्डावरच्या तीन शब्दांमुळे साडेतीन वर्षं नको ती भीती घेऊन जगलेली पेशंट आहे आणि त्या निमित्ताने जे काही विचारलं, वाचलं, समजून घेतलं ते लिहिते. त्या आईंच्या हाताचं नक्की काय झालं हे मी सांगू शकत नाही, माझ्या हाताचं सांगू शकते, ॲलर्जी नव्हतीच, सुईतलं औषध शिरेबाहेर कातडीखाली लीक झालं होतं.

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, साधंच. सुई डाव्या हाताच्या पाठीवर लावलेली, दोन्ही हात अंगाशी घेऊन वरून हिरवं कापड. दुधासारखं पांढरं औषध शिरेत जायला लागलं तेव्हा कोपरापर्यंत आग आग झाली, मी काही बोलणार तेवढ्यात झोप लागली. जाग आली तेव्हा सुई उजव्या हाताला होती आणि डावा हात फुगून तंग, बोटं धड मिटत नव्हती. विचारलं तर म्हणाले सूज आहे, उतरेल. संध्याकाळी घरी. सूज उतरली पण पूर्ण नाही, तिसऱ्या दिवशी फोड आला, मग फुटला, मग मधोमध राखाडी चामड्यासारखा तुकडा आणि सात आठवडे ड्रेसिंग. ड्रेसिंगला गेल्यावर एकदा विचारलं हे कशाने झालं, तर समोरच्याने कार्ड उलटून बघितलं आणि म्हणाला ॲलर्जी लिहिलंय ना. विषय संपला.

पुढे साडेतीन वर्षांनी दुसरं एक छोटं ऑपरेशन ठरलं. मी इमानदारीत कार्ड दाखवलं आणि तिथल्या भूल देणाऱ्या मॅडमनी पेनच खाली ठेवलं. कुठल्या औषधाची? माहीत नाही. अंगभर पुरळ आलं होतं का? नाही. श्वास लागला, घशात सूज, बीपी एकदम खाली? नाही हो, फक्त हात. सुई जिथे होती तिथेच का? हो. मग म्हणाल्या आधी जुन्या फाईलमधला भुलीचा कागद घेऊन या, त्याशिवाय मी काही ठरवणार नाही. (मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं पाया पडावं.) जुना कागद मिळवायला दोन चकरा झाल्या, लेखी अर्ज दिला, तो मिळाला, आणि त्यात वेळेच्या रकान्यात एक ओळ होती. आयव्ही (म्हणजे शिरेतली सुई) आऊट, लाइन दुसऱ्या हाताला, गॅस सुरू.

म्हणजे काय घडलं होतं ते मॅडमनी समजावलं. मला झोपवायचं औषध पंपाने सतत शिरेत सोडलं जात होतं. मधेच कधीतरी सुई शिरेतून सरकली किंवा शीर फुटली, औषध रक्तात न जाता कातडीखाली साठायला लागलं. पंपाला काय कळतंय, तो ढकलत राहतो, त्याचा अलार्म वाजतो तो नळी तुंबली तर, औषध बाहेर मुरतंय म्हणून वाजेलच असं नाही. आणि हात कापडाखाली. औषध पोचेना म्हणून झोप हलकी झाली, माझी नाडी आणि बीपी वाढलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांना शंका आली असणार, त्यांनी कापड उचललं, हात बघितला, लगेच भुलीच्या गॅसवर घेतलं, दुसरीकडे लाइन टाकली. मला काहीही आठवत नाही, म्हणजे त्यांनी वेळेत पकडलं. खरं सांगू का, हे ऐकून माझा त्या डॉक्टरांवरचा राग निम्मा झाला. एवढं चांगलं काम केलं होतं तर ते लपवलं कशाला? गळती पकडली, पेशंटला मधेच जाग येऊ दिली नाही, हे तर अभिमानाने लिहायचं. त्याऐवजी दोष माझ्या शरीराच्या माथी, की बाईलाच ॲलर्जी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्या बाबतीत शब्दशः.

आता ॲलर्जी आणि गळती यातला फरक, कारण सगळा घोळ इथेच आहे. ॲलर्जीमधे शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या औषधावर चवताळून उठते, त्याला सुई कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, पुरळ पोटावर येईल, धाप लागेल, बीपी कोसळेल, आणि हे बहुतेकदा काही मिनिटांत. गळती झाली की त्रास सुईच्या आसपासच, औषध जिथवर मुरलं तिथवर, आणि तो कोणालाही होऊ शकतो, तुम्हाला, मला, खुद्द डॉक्टरांना. आणखी एक तिसरा प्रकार असतो, शिरेलाच सूज येते, शिरेच्या रेषेवर लाल पट्टा उमटतो, हाताला दोरीसारखी कडक लागते, तोही ॲलर्जी नाही. भूल देताना खरीखुरी गंभीर ॲलर्जी होतेच, नाही असं नाही, ब्रिटनमधे याचा देशभर अभ्यास झाला, २०१८ साली अहवाल आला, त्यात ती अंदाजे दर १०,००० भुलींमागे एकाला निघाली, आणि कारण सापडलेल्या केसेसमधे जवळपास निम्म्या ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या अँटिबायोटिकमुळे, त्याखालोखाल स्नायू ढिले करायची औषधं. झोपवायचं औषध त्या यादीत खूप खाली. आणि अशी खरी ॲलर्जी झाली तर रक्त तपासायचं असतं, नंतर त्वचेची चाचणी करून नक्की औषध शोधायचं असतं. यातलं काहीही न करता नुसतं "भुलीच्या औषधाची ॲलर्जी" लिहिणं म्हणजे पुढच्या डॉक्टरच्या हातात कोरा कागद देऊन वर धमकी देण्यासारखं आहे.

औषध कातडीखाली गेल्यावर नुकसान का होतं? मला आधी वाटायचं औषधच ते, शरीरातच गेलं ना, शिरेत काय आणि बाहेर काय. पण शिरेत गेलं की ते वाहत्या रक्तात क्षणात पातळ होतं, बाहेर गेलं की जिथल्या तिथे बसून राहतं. जुनं थायोपेंटोन घ्या, पेंटोथाल म्हणून लोकांना माहीत असेल, १९३४ पासून वापरात, त्याचा पीएच साडेदहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यापेक्षाही जास्त अल्कली. ते टिश्यूत साठलं तर कातडी अक्षरशः भाजल्यासारखी होते, आणि चुकून शिरेऐवजी धमनीत गेलं तर त्याचे स्फटिक बनून बोटांचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, जुन्या डॉक्टरांना त्याची धास्ती होती ती उगाच नाही. डायझेपाम, एटोमिडेट यांच्यात त्रास औषधापेक्षा ते ज्या द्रावकात विरघळवतात त्याचा, प्रोपिलीन ग्लायकॉलचा, त्याने शीर चिडते. ऑपरेशनमधे बीपी वर ठेवायला नॉरॲड्रेनलिनसारखी औषधं देतात, त्यांचा धोका वेगळा, ती आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, मग कातडी आधी पांढरी फटक आणि गार, नंतर रक्ताविना मरते.

आणि माझं ते दूध, प्रोपोफॉल. १९८६ पासून बाजारात आहे, पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमधे घोटलेलं, त्यामुळे पांढरं दिसतं. वरच्या औषधांच्या मानाने हे सौम्य, थोडंसं लीक झालं तर बहुतेक वेळा सूज, लाली आणि दोन चार दिवसांत साफ. पण जास्त प्रमाणात गेलं, किंवा लहान मूल असेल, तर कातडी मेल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, क्वचित पण आहेत. शिवाय कुठलंही पाणी, अगदी साधं सलाईन सुद्धा, भरपूर साठलं तर दाबानेच आतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. एवढं सगळं झाल्यावर शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, साफसफाई सुरू होते, तीच ती सूज, लाली, ठणका. म्हणजे दाह हा गुन्हेगार नव्हे, पंचनाम्याला आलेला पोलीस. आता पोलिसही कधी कधी घरातलं सामान फोडतात ही गोष्ट वेगळी.

आपल्यासारख्या सावळ्या, काळ्या कातडीवर ही लाली पटकन दिसतच नाही हे मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नाही, मॅडमनी सांगितलं. डोळ्यांवर विसंबू नका, हात लावून बघा, दुसऱ्या हाताशी ताडून बघा, तंग आहे का, गार आहे का, दाबल्यावर खड्डा पडतो का.

दुधासारखं औषध जाताना आग होते ती मात्र दर वेळी गळतीची खूण नसते हेही कळलं. काहीच खबरदारी घेतली नाही तर दहातल्या सहा जणांना ती आग होते, औषध शिरेत नीट जात असताना सुद्धा. म्हणून कोपराजवळची मोठी शीर निवडतात, किंवा आधी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध देतात. घोटाळा असा की पेशंटने दुखतंय म्हटलं की "हे होतंच, आता झोप लागेल" असं म्हणायची सवय लागते, आणि क्वचित एखाद्याचं खरंच बाहेर जात असतं ते त्या सवयीत बुडून जातं. पेशंटने ठरवायचं नाही ही आग कुठली, पेशंटने फक्त सांगायचं. ठरवायचं काम ज्यांचं त्यांनी एकदा सुईजवळ बोट लावून बघायचं, दोन सेकंद लागतात. नळीत रक्त मागे आलं म्हणजे सुई शिरेतच आहे असंही शंभर टक्के नाही, शिरेला दुसरं भोक पडलेलं असू शकतं.

आणि झोपल्यावर? झोपलेला माणूस काय सांगणार. म्हणून तर हात दिसायला हवा. ब्रिटन आणि आयर्लंडमधे २०१४ साली एक मोठा अहवाल आला होता, ऑपरेशन चालू असताना पेशंटला जाग आल्याच्या घटनांवर, अशी तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक होती. फक्त शिरेतून औषध देऊन झोपवताना ते शिरेत पोचतच नाहीये हे वेळेत लक्षात न येणं हे त्यातलं एक कारण. २०१८ मधे तिथल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने लिहूनच दिलं की अशी भूल चालू असताना जमेल तिथे सुई सतत नजरेसमोर ठेवा. विचार करा, गळती म्हणजे एकाच वेळी दोन संकटं, कातडीला नको ते औषध मिळतंय आणि मेंदूला हवं ते मिळत नाहीये. ऑपरेशनच्या जागेमुळे हात झाकावाच लागतो कधी, मान्य, तर मग मधून मधून कापडाखाली हात घालून बघा, आणि बीपीचा पट्टा त्याच हाताला बांधू नका, तो फुगला की शिरेतला दाब वाढतो आणि आधीच कच्ची शीर असेल तर भर पडते.

गळती कळल्यावर काय करतात ते मला माझ्या केसमधे बघता आलं नाही, झोपले होते. पण विचारून ठेवलंय. औषध ताबडतोब बंद, सुई मात्र लगेच उपटायची नाही, त्याच सुईतून जेवढं औषध परत ओढता येईल तेवढं ओढून घ्यायचं, मग काढायची. सूज कुठवर आहे ती पेनने कातडीवर आखून ठेवायची आणि फोटो काढायचा, म्हणजे दोन तासांनी वाढली की कमी झाली यावर वाद नको. हात उंच. थंड की गरम शेक हे औषधावर ठरतं, सरसकट नाही, नॉरॲड्रेनलिनसारख्याला थंड शेक दिला तर आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतील, तिथे रक्तवाहिन्या सैल करणारं फेंटोलामिन नावाचं औषध आसपास टोचतात. काही औषधांसाठी हायलुरोनिडेज टोचतात, त्याने टिश्यूमधला चिकट अडसर सैल होतो आणि साठलेलं पसरून शोषलं जातं. जास्त घातक किंवा जास्त प्रमाणात गेलं असेल तर प्लास्टिक सर्जनला बोलावून बारीक छेद देऊन सलाईनने धुवून काढतात, १९९३ पासून ही पद्धत चर्चेत आहे. पण हे सगळं पहिल्या काही तासांचं काम. आणि कोणतं औषध, किती गेलं, किती वाजता हे माहीत असेल तरच. माझ्या कार्डावर यातलं काही असतं तर तिसऱ्या दिवशी फोड आला तेव्हा ड्रेसिंगवाल्याला काहीतरी सुचलं असतं.

कारण कातडी मेली की नाही हे पहिल्या दिवशी दिसतच नाही, कधी दोन तीन दिवस, कधी आठवडा जातो. आणि आता बहुतेक छोट्या ऑपरेशनचे पेशंट त्याच संध्याकाळी घरी. म्हणजे फोड घरी येणार, बघणार नवरा नाहीतर मुलगी, आणि त्यांना सांगितलेलं काय, तर सूज आहे, उतरेल. मी तर दोन दिवस हात चोळला, गरम पाण्याच्या पिशवीने शेकला, दोन्ही चुकीचं. घरी गेल्यावर हात जास्त दुखायला लागला, बोटं सरळ करताना जीव जातोय, मुंग्या, बधिरपणा, बोटं पांढरी किंवा निळी, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असेल तर हातात मोजके तास असतात, वेळेत कापून दाब मोकळा केला नाही तर स्नायू मरतात. हे एक वाक्य घरी जाताना सांगायला किती वेळ लागतो? तान्ही मुलं, म्हातारी माणसं, केमो झालेले, शुगरमुळे हाताला संवेदना कमी असलेले, यांच्या बाबतीत तर जास्तच, यांच्या शिरा नाजूक आणि तक्रार करायची ताकद कमी.

काही डॉक्टर म्हणतील, खरं लिहिलं की पेशंट भांडायला येतो. येत असेल. गळती उत्तम हातांनी लावलेल्या सुईलाही होते, हे मला समजावलं तर मला समजलं, मग आधीच्यांना का वाटलं की मला समजणार नाही? मी भांडले असते तर कदाचित त्या सुजलेल्या हातावरून पाच मिनिटं भांडले असते. ॲलर्जी लिहिल्यामुळे मात्र साडेतीन वर्षं दात काढायला सुद्धा घाबरले, मधे एक तपासणी भूल लागेल म्हणून पुढे ढकलली, ती का ढकलली हे कोणाला माहीत पण नाही. आणि समजा रात्री अपरात्री तातडीचं ऑपरेशन करायची वेळ आली असती आणि समोरच्याने ते कार्ड वाचून चांगलं, सवयीचं औषध बाजूला ठेवून दुसरं काहीतरी वापरलं असतं तर? हे नुकसान कातडीवर दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

माझी तुमच्या पत्रलेखकाला विनंती, आईंचा भुलीचा कागद मागा, डिस्चार्ज कार्ड नव्हे, आतला कागद, ज्यावर दर पाच मिनिटांची नाडी आणि बीपी मांडलेलं असतं. लेखी मागा. सुई कुठे होती, बदलली का, कधी बदलली, कोणती औषधं त्या सुईतून गेली ते बघा, आणि तो कागद एखाद्या भूलतज्ज्ञाला दाखवून ॲलर्जी होती का नव्हती हे एकदा लिहून घ्या. अंगभर पुरळ, धाप असं काही झालेलं असेल तर मात्र माझं पत्र बाजूला ठेवा आणि ॲलर्जीच्या तपासण्या करा, तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही.

माझं दुसरं ऑपरेशन झालं. मॅडमनी तेच पांढरं औषध वापरलं, सुई कोपराजवळच्या शिरेत, आधी सलाईन सोडून बघितलं, लिग्नोकेन दिलं, आणि म्हणाल्या जरा जरी तंग वाटलं तर ओरडा, लाजू नका. थोडं चुरचुरलं, मी ओरडले, त्यांनी हात थांबवला, बोटाने चाचपलं, ठीक आहे म्हणाल्या, मग पुढे. झोप लागायच्या आधी शेवटचं बघितलं तो माझा उजवा हात, कापडाच्या वर, उघडा. नवीन कार्डावर त्यांनी जुनी ओळ आडवी रेघ मारून खोडलीये आणि खाली लिहिलंय, मागील वेळी डाव्या हाताच्या पाठीवर आयव्ही गळती, प्रोपोफॉल, त्वचेला इजा, ॲलर्जी नाही, यावेळी हेच औषध विनात्रास दिले. खाली सही आणि तारीख. त्याची झेरॉक्स पर्समधे असते.

आपली,
एक वाचक